यानिस जाणार की राहणार? डेडलाईनआधीच्या या बातम्यांमधलं खरं काय मानायचं

बक्सप्रेमी_३४

मंडळी, जीव नुसता टांगणीला लागलाय. एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगची, ५ फेब्रुवारी २०२६ ची ट्रेड डेडलाईन (टीम्सनी आपापसात प्लेअर्सची अदलाबदल करायची शेवटची तारीख) तोंडावर आलीय आणि मिलवॉकी बक्सच्या यानिस आंतेतोकुंपोबद्दल रोज नवीन आवई उठतेय, सकाळी वाचावं की त्याचं मन न्यूयॉर्कच्या निक्सवर आहे, संध्याकाळपर्यंत कुणीतरी सांगतो बक्स फोनच उचलत नाहीयेत, रात्री तिसराच कुणी चार टीम्सची नावं घेऊन मोकळा. २०१३ च्या ड्राफ्टपासून (नवीन प्लेअर्स निवडायची दरवर्षीची फेरी) हा माणूस मिलवॉकीत आहे, २०२१ च्या फायनलच्या सहाव्या मॅचमध्ये ५० पॉइंट मारून टायटल आणलं, आणि आता त्याचं नाव बाजारात असं फिरतंय हे बघवत नाही राव. डेमियन लिलार्डला वेव्ह करून (करारातून मोकळं करून) त्याचे उरलेले पैसे पाच वर्षांवर पसरवले, म्हणजे न खेळणाऱ्या माणसापायी दरवर्षी सव्वादोन कोटी डॉलरच्या आसपास कॅपवर (टीमच्या एकूण पगाराच्या मर्यादेवर) बसले, ते माइल्स टर्नरला आणायला आणि यानिसला थांबवायलाच ना?

माझा प्रश्न एवढाच की "लीग सोर्सेस", "मॉनिटर करतायत", "ओपन टू लिसनिंग" असलं जे छापून येतं त्यातल्या कशावर विश्वास ठेवायचा आणि काय सोडून द्यायचं? जुन्या जाणत्या लोकांनी सांगा, मी ट्रेडच्या बाबतीत अजून कच्चा आहे.

सहावा_माणूस

भावा, बातमी वाचली की पहिला प्रश्न स्वतःला हा विचार की ही बाहेर आल्याने कुणाचं भलं होतंय. बातमी आपोआप फुटत नाही, कुणीतरी ती फोडतो, आणि फोडणारे ठरलेले असतात: प्लेअरचा एजंट, विकणारी टीम, घ्यायला बघणारी टीम, नाहीतर घेणाऱ्याचा भाव वाढावा म्हणून मध्ये घुसलेली तिसरी टीम. "तीन टीम्स इंटरेस्टेड आहेत" असं आलं की बहुतेक वेळा विकणाऱ्याला चौथी टीम हवी असते. "अमुक टीमने चौकशी केली" याला तर मी काहीच किंमत देत नाही कारण चौकशी सगळेच करतात, जीएमचं (टीमच्या व्यवस्थापकाचं) कामच ते आहे, यानिससारख्या प्लेअरबद्दल फोन केला नाही तर मालक विचारेल की पगार कशाचा घेतोस.

टीमने उघड नकार दिला तरी तो दगडावरची रेघ धरू नको. २०२४ च्या २६ डिसेंबरला मायामी टीमच्या अध्यक्षाने, पॅट रायलीने, स्वतःच्या नावाने स्टेटमेंट काढलं होतं की आम्ही जिमी बटलरला ट्रेड करत नाही आहोत. सहा आठवड्यांच्या आत बटलर गोल्डन स्टेटमध्ये होता, मधल्या काळात त्याला एकदा नाही तर तीनदा सस्पेंड करून झालं होतं. रायली खोटं बोलला असं मी म्हणणार नाही, त्या दिवशी त्याला भाव पडू द्यायचा नव्हता. स्टेटमेंट वाचताना ते कुणासाठी काढलंय बघायचं, बऱ्याचदा ते बाकीच्या २९ टीम्ससाठी असतं, आपल्यासाठी नसतंच.

कॅपचा_हिशोब

दादाने सांगितलं ते बरोबरच आहे पण माझी पद्धत वेगळी, मी सोर्सकडे बघतच नाही, मी आकडे मांडतो, कारण माणसं काहीही बोलोत आकडे जुळले नाहीत तर ट्रेड होत नाही. तू निक्सचं म्हणालास ना, तेच घेऊ.

यानिसचा या सीझनचा (२०२५-२६) पगार ५ कोटी ४१ लाख डॉलर. निक्सच्या कार्ल-अँथनी टाउन्सचा ५ कोटी ३१ लाख. लोक म्हणतात हा दे तो घे, झालं. पण निक्स फर्स्ट एप्रनच्या वर आहेत (एप्रन म्हणजे टीमच्या एकूण पगाराची रेषा, या वर्षी ती १९ कोटी ५९ लाखांवर आहे) आणि तिथे नियम असा की जेवढा पगार बाहेर जातो त्यापेक्षा एक डॉलरही जास्त आत घेता येत नाही. म्हणजे टाउन्स एकटा दिला तर दहा लाखाने घोडं अडतं. सोबत एक छोट्या पगाराचा प्लेअर घालावा लागेल, मग रोस्टरमधली ती जागा भरायला कुणीतरी आणा, आणि हे सगळं करताना सेकंड एप्रनची २० कोटी ७८ लाखांची रेषा ओलांडायची नाही कारण निक्स तिथे हार्ड कॅप झालेत आणि आत्ताच त्या रेषेला जवळपास टेकून बसलेत. अशक्य नाहीये पण "हा दे तो घे" इतकं सरळही नाही.

आता पिक्स, म्हणजे ड्राफ्टमध्ये नवीन प्लेअर निवडायचे हक्क. मिकाल ब्रिजेससाठी निक्सनी २०२४ मध्ये ब्रुकलिनला पाच फर्स्ट राउंड पिक्स दिले, त्यात स्वतःचे २०२७, २०२९, २०३१ चे गेले आणि वर २०२८ चा स्वॅप (पिक अदलाबदलीचा हक्क). स्टेपियन रूलप्रमाणे लागोपाठ दोन वर्षं फर्स्ट राउंड पिकशिवाय राहता येत नाही (ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला टेड स्टेपियन नावाच्या क्लीव्हलँडच्या मालकाने पिक्स असे उधळले की लीगला नियमच करावा लागला), म्हणून २०२६, २०२८, २०३० हे मधलेही अडकले. २०३२ चा पण तसाच. मग आपला एक एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम ठरलेला प्लेअर) देऊन बक्स घेणार काय? टाउन्स, जो सेंटर आहे, आणि सेंटरच्या जागेवर टर्नर आधीच आणून बसवलाय. म्हणून "निक्स यानिसच्या जवळ पोचले" असं कुणी छापलं की मी आधी बघतो मध्ये तिसरी टीम कुठली आहे. तिसऱ्या टीमचं नाव नसेल तर मी पुढे वाचत नाही.

आणि बक्सची पण एक बाजू आहे जी कुणी लिहीत नाही. लिलार्डला आणताना २०२९ चा पिक आणि २०२८, २०३० चे स्वॅप पोर्टलंडला दिलेत. म्हणजे यानिसला देऊन तळाला जायचं आणि स्वतःच्या पिक्सवर नवीन टीम उभी करायची हा रस्ता अर्धा बंद आहे. त्यामुळे ते दुसऱ्या टीमचे पिक्स भरपूर मागणार, आणि भरपूर पिक्स ज्यांच्याकडे आहेत त्यांच्यात यानिसला जायचंय का हा वेगळाच प्रश्न.

बक्सप्रेमी_३४

हे टाउन्सचं दहा लाखाचं आजपर्यंत एकाही बातमीत वाचलं नव्हतं, खूप आभार. पण मग एक सांगा, डॅलसच्या लुकाचं काय झालं होतं? तिथे तर कुणाला कानोकान खबर नव्हती, ना सोर्सेस, ना चर्चेचं गुऱ्हाळ, आणि एकदम ट्रेड. मग जिथे काहीच ऐकू येत नाही तिथे जास्त घाबरायचं का?

झोन_डिफेन्स

लुकाचं उदाहरण वेगळं ठेव, पण त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. २०२५ च्या १ फेब्रुवारीच्या रात्री, ईस्टर्न टाइमप्रमाणे बारा वाजून गेले होते, एनबीएच्या बातम्या देणाऱ्या शॅम्स चरानियाने टाकलं की लुका डॉन्चिच लेकर्सला आणि अँथनी डेव्हिस डॅलसला, आणि प्लेअर्ससकट सगळ्यांना वाटलं त्याचं अकाउंट हॅक झालं. बदल्यात आले डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि २०२९ चा एकच फर्स्ट राउंड पिक. पंचविशीतल्या माणसासाठी, ज्याने आदल्याच वर्षी टीमला फायनलला नेलं होतं! मी मॅव्हजचा (डॅलसचा) फॅन नाही तरी त्या रात्री मला झोप आली नाही.

का फुटली नाही? कारण फोडण्यात कुणाचाच फायदा नव्हता. डॅलसचा जीएम निको हॅरिसन फक्त लेकर्सशी बोलत होता, दुसऱ्या टीम्सना कळलं असतं तर बोली लागली असती आणि लेकर्सना एका पिकमध्ये लुका मिळाला नसता, म्हणून ते गप्प. डॅलसमध्ये फॅन्सना कळलं असतं तर रस्त्यावर आले असते, ते नंतर आलेच, म्हणून हॅरिसन गप्प. लुकाच्या एजंटला माहीतच नव्हतं, तो काय फोडणार. सहावा_माणूस म्हणतो तोच नियम इथे उलटा लागू होतो. पुढे त्याच डॅलसला १.८ टक्के शक्यता असताना लॉटरी (ड्राफ्टमधल्या पहिल्या नंबरची सोडत) लागली आणि कूपर फ्लॅग मिळाला, तरी नोव्हेंबरमध्ये हॅरिसनची नोकरी गेलीच.

यानिसचं तसं नाहीये. त्याच्याबद्दल फुटण्यात सगळ्यांचाच फायदा आहे म्हणून इतका आवाज आहे. आवाज आहे म्हणजे ट्रेड जवळ आला असं नाही.

पॉइंटगार्ड_ताई

तुम्ही सगळे आकडे आणि फायदे बोलताय, मला जरा वेगळं बोलायचंय, रागावू नका. या पुड्या सोडण्याचा त्रास ज्यांना होतो ती माणसं रोज रात्री कोर्टवर उतरत असतात.

२०१९ आठवतंय का? तेव्हा न्यू ऑर्लीन्स पेलिकन्सकडे असलेल्या अँथनी डेव्हिसच्या एजंटने, रिच पॉलने, जानेवारीच्या शेवटी उघड सांगितलं की त्याला न्यू ऑर्लीन्स सोडायचंय, लीगने ५० हजार डॉलरचा दंड केला, आणि मग पुढचे आठ-दहा दिवस लेकर्सच्या प्रत्येक ऑफरमधली पोरांची नावं पेपरात, इन्ग्रम, लॉन्झो बॉल, कुझ्मा. ५ फेब्रुवारीला लेकर्स इंडियानात खेळायला गेले. इन्ग्रम फ्री थ्रो मारायला उभा राहिला आणि अख्खं स्टेडियम ओरडायला लागलं की लेब्रॉन (लेकर्सचा स्टार) तुला ट्रेड करणार. एकवीस वर्षांचा मुलगा, हातात बॉल, आणि स्वतःच्याच टीमला आपण नको आहोत हे हजारो लोक तालात सांगतायत. लेकर्स त्या रात्री ४२ पॉइंटने हरले. आणि इतकं होऊन डेडलाईनला काहीच झालं नाही, पेलिकन्सनी डेव्हिसला ठेवून घेतलं, ट्रेड झाला थेट उन्हाळ्यात.

दुसऱ्याच दिवशी हॅरिसन बार्न्सचं झालं. डॅलसकडून खेळत होता, मॅच चालू असताना त्याचा सॅक्रामेंटोला ट्रेड झाल्याची बातमी आली, त्याला बाहेर काढलं तर लॉकर रूममध्ये न जाता तो बेंचवर बसून राहिला, शेवटपर्यंत टीमला चिअर करत. मला त्या माणसाबद्दल तेव्हापासून प्रचंड आदर आहे. म्हणून माझं एवढंच म्हणणं, "अमक्याला फेका, तमका कचरा आहे, पगार मॅच करायला टाका सोबत" ही भाषा आपण इथे तरी वापरू नये. पगार मॅच करायला टाकलेला तो प्लेअर पण दोन दिवसात घर बदलतो, पोरांची शाळा बदलतो.

सहावा_माणूस

ताई, शंभर टक्के पटलं. २०१७ ला डीमार्कस कझिन्सचं पण असंच, ऑल-स्टार मॅच (लीगच्या निवडक स्टार्सची प्रदर्शनी मॅच) खेळून प्रेससमोर बसलेला असतानाच त्याला ट्रेडचं कळलं. पुढच्या सीझनपासून डेडलाईन ऑल-स्टारच्या आधी आणली ते एक बरं झालं.

ओपन_कॉर्नर

डेडलाईनच्या दिवसासाठी थोडं कामाचं सांगतो कारण त्या दिवशी लोक नाही त्या गोष्टीवर उड्या मारतात.

एक तर पॅरोडी अकाउंट्स. सेंटेल नावाचं एक अकाउंट आहे, नाव आणि फोटो खऱ्या अकाउंटसारखे, एकच अक्षर इकडचं तिकडे, दरवर्षी चांगले चांगले फसतात. दुसरा मोठा बातमीदार वोज निवृत्त झाल्यापासून मोठी बातमी सहसा शॅम्सकडून येते, त्यामुळे त्याच्या नावाने खोट्या पोस्ट पण जास्त. स्क्रीनशॉट आला तर मानायचंच नाही, मूळ अकाउंटवर जाऊन बघायचं.

दुसरं, दुपारी ३ वाजले (ईस्टर्न) की सगळं संपलं असं नसतं. ट्रेडची माहिती तोपर्यंत लीग ऑफिसला पोचली पाहिजे, मग लीगच्या वकिलांबरोबर कॉल होतो, सगळ्या टीम्स त्यात प्रत्येक प्लेअर, प्रत्येक पिक, त्याचं प्रोटेक्शन (कुठल्या नंबरला तो पिक द्यायचा नाही ती अट) वाचून कबूल करतात. त्यामुळे तीननंतरही बातम्या येत राहतात, त्या खोट्या नसतात.

आणि बातमी खरी असली तरी ट्रेड पक्का नसतो हे लक्षात ठेव. २०२५ ला लेकर्सनी शार्लटकडून मार्क विल्यम्सला घेतलं, डाल्टन नेक्ट आणि २०३१ चा पिक दिला, फॅन्सनी प्लेऑफची लाइनअपसुद्धा मांडली, आणि दोन-तीन दिवसांनी फिजिकलमध्ये (वैद्यकीय तपासणीत) नापास म्हणून अख्खा ट्रेड रद्द, नेक्ट परत त्याच लॉकर रूममध्ये. डिसेंबर २०१८ चं तर विचारूच नको, वॉशिंग्टन, फीनिक्स आणि मेम्फिस असा तीन टीम्सचा ट्रेड ठरला आणि फुटला तेव्हा कळलं की फीनिक्सला वाटतंय डिलन ब्रूक्स येतोय आणि मेम्फिस म्हणतंय आम्ही मार्शॉन ब्रूक्स देणार होतो! आडनाव एक, माणसं दोन. बोलणी वॉशिंग्टनमार्फत चालली होती. ट्रेड तिथेच मोडला आणि दुसऱ्या दिवशी फीनिक्स आणि वॉशिंग्टननी मेम्फिसला वगळून आपापसात उरकून टाकलं.

डेडलाईननंतर बायआउटचा (तडजोडीने करार संपवून मोकळ्या झालेल्या प्लेअर्सचा) बाजार सुरू होतो, १ मार्चच्या आत वेव्ह झालेला प्लेअरच दुसऱ्या टीमकडून प्लेऑफ खेळू शकतो, पण तो विषय निवांत नंतर बोलू.

बक्सप्रेमी_३४

तुम्हा सगळ्यांचं वाचून बरंच हायसं वाटलं. म्हणजे मी आता दोनच गोष्टी बघणार, तिसरी टीम कोण आणि फोडण्यात फायदा कुणाचा. पोटरी दुखावल्यामुळे यानिस नीट खेळत पण नाहीये आत्ता, अशा वेळी त्याला द्यायचं नाही बस. माझं मत आहे बक्सनी त्याला ठेवावं, हरलो तरी चालेल.

कॅपचा_हिशोब

भावना समजतो भावा, पण ५ तारीख टळली म्हणून सुटलास असं समजू नकोस. ऑक्टोबर २०२६ मध्ये तो नवीन एक्स्टेन्शन (करारवाढ) साइन करायला पात्र होतो आणि २०२७-२८ ची प्लेअर ऑप्शन (ते वर्ष खेळायचं की करार सोडायचा हा निर्णय) त्याच्या हातात आहे. म्हणजे बक्सची खरी परीक्षा उन्हाळ्यात, साइन करणार का हे त्याला तेव्हा तोंडावर विचारावं लागेल. शिवाय ड्राफ्टनंतर टीम्सकडे २०३३ चा पिक द्यायला मोकळा होतो, निक्सचा पण, आणि पगाराची गणितं नव्याने मांडली जातात. आत्ता जी ऑफर कागदावर बसत नाही ती जुलैमध्ये बसू शकते. त्यामुळे ५ तारखेला काही झालं नाही तर हा धागा बंद करू नको, जूनमध्ये इथेच पुढे लिहू.