आई-बाबांना घेऊन फायर टॉवरचा डोंगर: ओव्हरलुक की बीकन?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. आई-बाबा साताऱ्याहून आलेत, ऑक्टोबरअखेर परत जातील. बाबा ६८ वर्षांचे. रोज पहाटे अजिंक्यतारा चढणारा माणूस दोन महिने इथल्या फुटपाथवर फेऱ्या मारतोय, त्यांचा जीव रमत नाहीये. आईचा उजवा गुडघा उतरताना दुखतो. पानगळीचे रंग बघायचेत, त्याच दिवशी परत यायचंय. ऑफिसातल्या एकाने वणव्यावर नजर ठेवायचा जुना मनोरा असलेले दोन डोंगर सुचवले, वुडस्टॉकचा ओव्हरलुक आणि हडसन नदीकाठचा बीकन. वयस्कर माणसांना घेऊन गेलेल्यांनी कृपया सांगावं.

पायवाट
ओव्हरलुक. दुसरा विचारच नको.
उंची ३,१४० फूट, पण गाडी बरीच वर जाते, त्यामुळे पायी चढ साधारण १,४०० फुटांचा. एका बाजूने अडीच मैल. खरं तर ती जुन्या हॉटेलकडे जाणारी रुंद खडीची वाट आहे, हाताचा आधार घ्यावा लागेल अशी जागा मनोऱ्याच्या जिन्यापर्यंत नाही. पण चढ सलग आहे, मध्ये सपाटी जवळजवळ नाहीच. अजिंक्यताऱ्यापेक्षा जास्त, सिंहगडाच्या पायवाटेपेक्षा कमी, असं बाबांना सांगा म्हणजे त्यांना अंदाज येईल.
दोनेक मैलांवर ओव्हरलुक माउंटन हाऊसचे अवशेष लागतात. पहिलं हॉटेल १८७१चं. अध्यक्ष ग्रँट १८७३ मध्ये तिथे येऊन गेले. ते १८७५ मध्ये जळालं, पुन्हा बांधलेलं १९२३ मध्ये जळालं. मग तिसऱ्यांदा काँक्रीटमध्ये बांधायला घेतलं ते कधी पुरं झालंच नाही. आता नुसत्या भिंती आणि रिकाम्या खिडक्या, आत दिवाणखान्याच्या जागी झाडं वाढलीत. आईंचा गुडघा कुरकुरला तर तिथेच बसवा, मनोरा अजून अर्धा मैल पुढे. तिथवर गेलं तरी दिवस सार्थकी लागतो.

हडसनवारी
बीकनची बाजू मांडतो. न्यूयॉर्कहून रेल्वेने जाता येतं, उंची जेमतेम १,६०० फूट आणि वरून हडसनचं वळण काय दिसतं! १९०२ ते १९७८ तिथे डोंगरावर चढणारी रेल्वे होती, तिच्या इंजिनघराचे अवशेष वर आहेत. मनोराही २०१३ मध्ये दुरुस्त होऊन उघडला.

सुमेधा_क
हडसनवारी, तुमचं सगळं खरं, पण गुडघेदुखी असलेल्या काकूंना तिथे नका पाठवू. सुरुवातीलाच लोखंडी जिना, त्यानंतर दगडगोट्यांचा खडा चढ, आणि मनोरा पहिल्या सज्ज्यावर नाही, पुढच्या दक्षिण शिखरावर आहे. मी सासूबाईंना घेऊन गेले होते. चढताना काही वाटलं नाही, उतरताना त्यांनी दोन तास माझा हात सोडला नाही. पुढचे चार दिवस त्यांना जिना उतरता येत नव्हता. त्यांच्या मुलाने आणि मी आधी नीट विचारायला हवं होतं, अजून वाईट वाटतं. कृष्णाकाठ, तुम्ही विचारताय हे फार बरं केलंत.

रानवेडा
मनोऱ्याबद्दल थोडं, कारण बाबांना हे आवडेल. १९०८च्या कोरड्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क राज्यात प्रचंड वणवे लागले. लाकूडतोडीनंतर पडून राहिलेला पाला-फांद्यांचा ढीग आणि रेल्वे इंजिनांच्या ठिणग्या, दोन्ही एकत्र आलं. १९०९ पासून राज्याने डोंगरमाथ्यांवर मनोरे उभे करायला घेतले. वरच्या खोलीत गोल नकाशाचं टेबल आणि त्यावर फिरणारी पट्टी. धूर दिसला की पट्टी रोखायची, दिशा वाचायची आणि फोनवर कळवायची. दुसऱ्या मनोऱ्यावरचा माणूसही त्याची दिशा कळवणार. नकाशावर दोन रेषा जिथे छेदतात तिथे आग.
ओव्हरलुकचा ६० फुटी मनोरा मुळात १९२७ मध्ये गॅलिस हिलवर होता. १९५० मध्ये सुटा करून इथे आणला. १९८८ मध्ये बंद झाला, गंजत पडला, आणि आसपासच्या लोकांनी पैसे उभे करून, राबून १९९९ मध्ये पुन्हा उघडला. कॅट्सकिल या इथल्या डोंगररांगेतले पाच मनोरे असे लोकांनी वाचवलेत. शनिवार-रविवारी हंगामात स्वयंसेवक असतात, तेव्हाच वरची खोली उघडी मिळते. म्हणून वीकेंडलाच जा.

कृष्णाकाठ
सर्वांचे मनापासून आभार. ओव्हरलुक नक्की. पार्किंग आणि सापांचं काय?

पायवाट
पार्किंग लहान. पानगळीच्या शनिवारी मी दहाला पोचलो आणि जागा नाही म्हणून मुलांना तसंच परत नेलं. आठच्या आत पोचा, म्हणजे एडिसनहून साडेपाचला निघा. वाट सुरू होते तिथे समोरच तिबेटी बौद्ध मठ आहे.
साप आहेत, खुळखुळ्या वाजवणारे रॅटलस्नेक. अवशेषांच्या दगडांवर ऊन खात पडतात. वाट सोडू नका, फटीत हात घालू नका, ते आपणहून अंगावर येत नाहीत. जास्त जपायचं ते गोचिडीला. लांब विजार, मोजे वर ओढलेले, घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत तपासा. लाइम आजार तिच्यामुळेच होतो. आईंसाठी दोन काठ्या घ्या, एक नको. उतरताना दोन्ही हातांत हव्यात.

कृष्णाकाठ (तीन आठवड्यांनी)
जाऊन आलो, सांगितल्याशिवाय राहवत नाही.
आई अवशेषांपाशी थांबली. थर्मासमधला चहा आणि शेंगदाण्याची पोळी घेऊन भिंतीला टेकून बसली, सोबत माझी बायको. बाबा आणि मी पुढे. जिन्याच्या प्रत्येक टप्प्यावर बाबा थांबायचे, दोन्ही हातांनी कठडा धरायचे आणि मगच खाली बघायचे. चौथ्या टप्प्यावर झाडांचे शेंडे खाली गेले, वारा लागला आणि दक्षिणेला अशोकन जलाशय चमकला.
वरच्या खोलीत एक आजी स्वयंसेवक होत्या. त्यांनी सांगितलं, ते न्यूयॉर्क शहराचं पाणी, १९०७ ते १९१५ मध्ये धरण बांधलं, खाली गावं होती. बाबांचं आजोळ कोयनेत गेलंय. त्यांनी मला विचारायला लावलं, गावातल्या लोकांचं काय झालं, देवळांचं काय झालं. आजी म्हणाल्या, लोकांना उठवलं, कबरीसुद्धा उकरून दुसरीकडे नेल्या. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग शिवसागराबद्दल सांगायला लागले. मी इंग्रजीत सांगत होतो, आणि आजी नकाशाच्या टेबलावर हात ठेवून ऐकत होत्या. खाली रांग लागली तरी त्यांनी आम्हाला घाई केली नाही.
पायवाट, काठ्यांचा सल्ला लाखमोलाचा. आईचा गुडघा रात्री दुखला, सकाळी ठीक. बाबा आता हंटर डोंगरावरच्या मनोऱ्याचं विचारताहेत. तो किती अवघड आहे?

रानवेडा
४,००० फुटांवर आहे, चढ जास्त. आईंना नको. बाबांना घेऊन मी येतो, रविवार कळवा.