शब्दचर्चा: नोझलवरचा ‘अलाउएबल लोड’, अनुज्ञेय, सह्य की मंजूर?

सातपूरकर:
नमस्कार मंडळी. आमच्याकडे टाक्या आणि प्रेशर व्हेसल, म्हणजे आत दाब असलेली बंद भांडी, बनतात. पाइप जोडायला त्यांना जे तोंड बसवतात ते नोझल. ड्रॉइंगवर नोझलच्या यादीशेजारी ‘अलाउएबल नोझल लोड्स’ असं टेबल असतं, म्हणजे पाइपचा किती भार नोझलवर आलेला चालेल ते. साइटवरच्या फिटरांसाठी मी मराठीत सूचनापत्रक लिहितोय. नोझलला नोझलच म्हणणार, त्याची तोटी करणार नाही. पण ‘अलाउएबल’ला काय लिहू?

गंगापूर रोड:
‘अनुज्ञेय भार’ लिहा. रुळलेला शब्द आहे. बांधकाम परवानगीच्या कागदांत ‘अनुज्ञेय चटईक्षेत्र’ असतंच.

ताणगणित:
माझा ‘अनुज्ञेय’ला विरोध आहे. सरकारी कागदात तो हक्काच्या अंगानं येतो. ‘घरभाडे भत्ता अनुज्ञेय राहील’ म्हणजे तो तुमचाच, पूर्ण घ्या. नोझलचं टेबल असं वाचलं तर घात होईल. प्रत्येक नोझलसमोर सहा आकडे असतात, तीन बलं आणि तीन मोमेंट, म्हणजे वाकवणारा किंवा पिळणारा जोर. सहाही एकाच वेळी पूर्ण आली तरी चालेल, की एकेकटी आली तरच? दोन्ही पद्धतींची टेबलं बघायला मिळतात. खाली तळटीप नसेल तर व्हेसल डिझाइनवाल्याला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

हे आकडे येतात कुठून, तेही बघा. व्हेसलमधल्या दाबानं शेल, म्हणजे व्हेसलचं गोल अंग, आधीच ताणलेलं असतं. नोझलसाठी भोक पाडलं की त्याच्या कडेला ताण आणखी वाढतो. उरलेल्या जागेत पाइपचं वजन आणि गरम झाल्यावरचा त्याचा रेटा बसवायचा. कार्बन स्टीलचा १० मीटर पाइप १०० अंशांनी तापला की साधारण १२ मिमी लांबतो. त्याला वाकायला जागा दिली नाही तर तो सगळा रेटा नोझलवर येतो. शेलमधला हा स्थानिक ताण काढायला अमेरिकेच्या वेल्डिंग रिसर्च कौन्सिलचं डब्ल्यूआरसी १०७ हे १९६५ चं बुलेटिन वर्षानुवर्षं वापरात होतं. २०१० मध्ये बुलेटिन ५३७ आलं, त्यात तीच रीत समीकरणांत मांडली आहे. १९८४ चं बुलेटिन २९७ नोझलची स्वतःची जाडीही हिशोबात धरतं.

अंबड लिंक रोड:
मग ‘सह्य भार’?

ताणगणित:
‘सह्य’ म्हटलं की नोझल फाटेपर्यंत किती सोसेल, असा अर्थ निघतो. टेबलातला आकडा त्याच्या बराच अलीकडे असतो.

मी ‘मंजूर भार’ सुचवतो. महावितरणच्या बिलावर तो प्रत्येकानं वाचलेला आहे. एकानं मागितला, दुसऱ्यानं तपासून मंजूर केला. जास्त हवा असेल तर अर्ज करा. नोझलचा व्यवहार नेमका असाच चालतो. पाइपिंगवाला भार कळवतो, व्हेसलवाला तपासतो. बसला नाही तर एकतर पाइपला लूप, म्हणजे लवचिक वळसा, द्यायचा, सपोर्ट बदलायचा, नाहीतर नोझलभोवतीचं पॅड (जोडप्लेट) किंवा शेल जाड करायचं. हे प्लेट कापण्याआधी झालं तर स्वस्तात होतं. म्हणून पाइपचा मार्ग ठरायच्या आधीच मंजूर भार जाहीर करण्याची रीत मला सगळ्यात योग्य वाटते.

सिन्नर साइट:
‘मंजूर’ला माझं मत. पत्रकात एक गोष्ट ठळक लिहा. फ्लँजची, म्हणजे पाइप आणि नोझलच्या टोकांच्या बोल्ट लावायच्या कड्यांची, भोकं जुळत नाहीत म्हणून चेनपुलीनं पाइप ओढून बोल्ट घालतात. पुली सोडली तरी ती ओढ नोझलमध्येच राहते, आणि ती कुणाच्याच हिशोबात नसते. बी३१.३ या पाइपिंगच्या कोडमध्ये भोकांची सरक फार तर ३ मिमी आणि फ्लँजच्या तोंडांचा कल २०० मिमीला १ मिमी एवढाच चालतो. त्यापलीकडे असेल तर स्पूल (पाइपचा तयार तुकडा) कापून पुन्हा जोडायचा. वेळ जातो, पण दुसरा रस्ता नाही.

सातपूरकर:
टाकीलाही हेच लागू का?

ताणगणित:
टाकीचं थोडं वेगळं आहे. टाकी भरली की शेल बाहेर फुगतं, पण तळाशी बुडाच्या प्लेटनं ते धरून ठेवलेलं असतं. त्यामुळे खालच्या नोझलचं तोंड बाहेर सरकतं आणि किंचित खाली झुकतं. पाइप घट्ट बांधलेला असेल तर भार तिथूनच तयार होतो. एपीआय ६५० या टाक्यांच्या कोडच्या परिशिष्ट पी मध्ये हे सरकणं, झुकणं आणि चालणारे भार काढायची रीत आहे. शिवाय पाया खचतो तो वेगळाच. शक्य असेल तिथे पाण्याची चाचणी होऊन टाकी बसल्यावरच शेवटचा जोड मारावा.

गंगापूर रोड:
‘मंजूर भार’ पटला. मोमेंटला मात्र ‘परिबल’ लिहा. ‘आघूर्ण’ हिंदी पुस्तकांतला.

सिन्नर साइट:
फिटरला ‘परिबल’ वाचून काय करायचं ते कळणार नाही. मोमेंट सगळ्यांना कळतं.

ताणगणित:
मोमेंटच ठेवा, पण दिशा मराठीत सांगा. पाइप शेलच्या घेरात डावी-उजवीकडे वाकवला तर एक मोमेंट, शेलच्या लांबीच्या दिशेनं वाकवला तर दुसरा. गोल शेलला बहुधा घेरातला जास्त जाचतो. तिसरा म्हणजे पीळ.

सातपूरकर:
मग मथळा ‘नोझलवरील मंजूर भार’ आणि रकाने असे: आत-बाहेर, घेरात, लांबीत, घेराचा मोमेंट, लांबीचा मोमेंट, पीळ. सहाही एकदम की एकेक, ही तळटीप डिझाइनवाल्यांकडून लिहून घेतो, मगच पत्रक छापायला देतो.