मदत हवी आहे : 'पाल'सारखे, भाषा बदलली की अर्थ बदलणारे छोटे शब्द

नमस्कार. मी देगलूर तालुक्यातील एका शाळेत पाचवीला मराठी शिकवतो. घरी तेलुगू बोलणाऱ्या एका मुलीने परवा वहीत 'आई सकाळी पाल तापवते' असे लिहिले आणि वर्गात जो हशा पिकला, तो आवरता आवरता माझी पुरेवाट झाली. वास्तविक तिचे फारसे चुकले नव्हते, कारण तेलुगूत दुधाला 'पालु' म्हणतात, तमिळ आणि मलयाळममध्ये 'पाल' म्हणतात, तर कन्नडमध्ये जुन्या 'प'चा 'ह' झाल्यामुळे तेच दूध 'हालु' ठरते. आपल्याकडे मात्र पाल भिंतीवर चुकचुकते, जत्रेत दुकानदार ठोकतात ते कापडी पाल (ते नपुंसकलिंगी, हे मुलांना आवर्जून सांगावे लागते), आणि हिंदीत नावेचे शीड म्हणजे पाल. गंमत अशी की भिंतीवरच्या पालीला कन्नडमध्ये 'हल्ली' म्हणतात, ज्याचा मराठीतील अर्थ पाचवीच्या मुलांनाही ठाऊक आहे.

या निमित्ताने वर्गात एक भित्तिपत्रक करण्याचे ठरवले आहे. उदगीर, निलंगा, बिलोली, किनवट या तेलंगणा-कर्नाटक सीमेवरच्या भागांत राहणाऱ्यांनी, तसेच घरी दखनी (दख्खनची उर्दू) किंवा गोरमाटी (बंजारा समाजाची बोली) बोलणाऱ्यांनी, दोन-तीन अक्षरी असे शब्द दोन्हीकडच्या अर्थांसह कळवावेत, ही विनंती. शब्द प्रत्यक्ष बोलण्यात ऐकलेला असावा आणि शक्यतो एखादे वाक्यही द्यावे. नुसत्या कोशातील शब्दांवर मुले हसत नाहीत.