मदत हवी आहे: स्पेनमध्ये मोटरहोमची लाईट सारखी जातेय, गुरुवारी बोट आहे

दोघे_प्रवासी
नमस्कार मंडळी. घाईत आहे म्हणून थेट विचारतो. सान विसेन्ते दे ला बार्केराजवळच्या कॅम्पसाइटवर आहोत, मी आणि बायको. काल संध्याकाळपासून लाईट टिकत नाही. गाडीला वीज जिथून घेतो त्या खांबावरचं पडलेलं बटण ऑफिसातला मुलगा येऊन वर करतो, तासाभरात परत गेलीच. आता तोही वैतागलाय. फ्रिज गॅसवरही चालतो, पण गॅस संपलाय. तो चालू राहणं फार गरजेचं आहे. गुरुवारी सान्तान्देरहून इंग्लंडला, प्लिमथची बोट आहे. काय करू? कोणी स्पेनमध्ये असाल तर लगेच सांगा.

वाटसरू७
खांब किती अँपिअरचा? अशा ठिकाणी बऱ्याचदा 5 किंवा 6 अँपिअरच मिळतात. 6 म्हणजे जेमतेम 1380 वॅट. किटली एकटीच 2000 ची असते. गीझर बंद करून मग चहा ठेवा. आम्हाला पहिल्या ट्रिपला हाच त्रास झाला होता.

घाटमाथा
गॅस संपला तर बाटली भरून घ्या ना! तिकडे पेट्रोलपंपावर नारिंगी बाटल्या मिळतात. फ्रिज गॅसवर टाका, विजेची कटकटच नको.

दोघे_प्रवासी
गाडी इंग्लंडची आहे, बाटलीही तिथलीच. इथे बदलून देत नाहीत. वाटसरू, खांब 6 चाच आहे, पण किटली सकाळीच लावतो. रात्री दोन वाजता लाईट गेली तेव्हा फक्त फ्रिज चालू होता.

वाटसरू७
हे आधी सांगायला हवं होतं.

निळाई
एवढं काय आहे फ्रिजमध्ये? भाज्या टाकून द्या. आणि एक दिवस काढून डोंगरातल्या पोतेस गावाला जाऊन या! ला एर्मिदाच्या घळीतून रस्ता जातो, दोन्हीकडे सरळ उभे कडे. पुढे फुएन्ते देला रोपवे आहे, 750 मीटर वर नेतो. तो न पाहता घरी जाऊ नका.

घाटमाथा
निळाई, त्या घळीत रस्ता अरुंद आहे, काही ठिकाणी खडक रस्त्यावर झुकलेला आहे. उंच मोटरहोम घेऊन पावसात कशाला? मी कारने गेलो तरी घाम फुटला होता.

निळाई
तिथे बस जातात हो. सावकाश गेलं तर काही होत नाही.

दोघे_प्रवासी
कृपया फिरण्याचं नंतर. फ्रिजमध्ये बायकोचं इन्सुलिन आहे.

डॉ_आजी
घाबरू नका. सध्या वापरात असलेलं इन्सुलिनचं पेन बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर चालतं. खोलीचं तापमान 25-30 अंशांच्या आत हवं आणि ऊन लागता कामा नये. पत्रकावर तुमच्या औषधाचा नेमका नियम असेल तो वाचा. न उघडलेली पेनं मात्र 2 ते 8 अंशांत हवीत. ती आत्ता ऑफिसच्या फ्रिजमध्ये ठेवायला सांगा, औषधाला कोणी नाही म्हणत नाही. बर्फाला चिकटवून ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

सायलेंट_वाचक
पोलॅरिटी उलटी असेल, म्हणजे फेज आणि न्यूट्रल अदलाबदल झालेले. युरोपात हे नेहमी होतं. टेस्टर लावून बघा, उलटी जोडणारी वायर विकत मिळते.

डोंबिवली_वायरमन
उलट्या पोलॅरिटीने बटण पडत नाही. ती तपासायला हवीच, पण हा आजार वेगळा आहे. 22 वर्षं वायरिंग केलीय म्हणून विचारतो. दोन गोष्टी सांगा. खांबात कोणतं बटण पडतं, साधं की ज्याच्यावर छोटं 'टी' लिहिलेलं टेस्टचं बटण आहे ते? आणि पाऊस आहे का?

दोघे_प्रवासी
टीवालं. पाऊस कालपासून आहे. पावसाचा काय संबंध?

डोंबिवली_वायरमन
म्हणजे लोड नाही, लीकेज आहे, कुठेतरी ओलीतून वीज जमिनीत गळतेय. ते बटण 30 मिलीअँपिअर गळतीवर पडतं. किटलीचा हिशोब इथे लागूच होत नाही. केबल एकच आहे की जोडून लावलीय?

दोघे_प्रवासी
खांब लांब आहे, दोन केबल जोडल्यात. जोड गवतात आहे.

डोंबिवली_वायरमन
गाडीकडचा प्लग काढा. केबल नुसती खांबाला ठेवा. तरी बटण पडलं तर दोष केबलचा. नाही पडलं तर गाडीतला. मग आतलं एकेक बंद करून बघा, फ्रिजचा एलिमेंट (विजेवर तापणारा भाग) आधी. आणि जोडाला हात लावण्याआधी खांबातला प्लग काढायचा, नुसतं बटण पाडून नाही. ओल्या हाताने मुळीच नको.

निळाई
वहिनींचं कळलं नव्हतं, सॉरी. काळजी घ्या. येताना काब्रालेस चीज मात्र आणा, अस्तुरियासच्या गुहांत मुरवलेलं असतं.

वाटसरू७
आणू नका! 12 एप्रिल 2025 पासून युरोपातून इंग्लंडमध्ये दूध-मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. बंदरावर काढून घेतील. तिथेच खाऊन या.

दोघे_प्रवासी
केबल एकटी ठेवली तरी दहा मिनिटांत बटण पडलं. खांबातला प्लग काढून जोड उघडला तर आतून पाणी गळालं, पितळी पिना हिरव्या पडल्यात. बायको टॉर्च धरून उभी होती, तीच म्हणाली, हे बघा, झाकणाची कडी तुटलीय. ऑफिसातल्या मुलाला फोटो दाखवला तर त्याने खांबाशेजारची जागा दिली. आता आमची चांगली केबल एकटीच पुरते. चार वाजल्यापासून लाईट आहे, साडेसहा वाजलेत. न उघडलेली पेनं त्यांच्या फ्रिजमध्ये होती, ती आत्ताच परत आणली. वायरमनदादा, डॉक्टर आजी, तुमचे उपकार कसे मानू? जुनी केबल वाळवून परत वापरली तर चालेल का?

डोंबिवली_वायरमन
नाही. केबल धड असली तरी ती पिन कापून टाका, म्हणजे चुकूनही कोणी लावणार नाही. आणि चांगली केबल रिळावर गुंडाळलेली ठेवू नका, पूर्ण उलगडा. लोड पडला की गुंडाळलेली वायर तापते. बोटीवर चढण्याआधी संपलेल्या बाटलीचाही कॉक बंद आहे ना ते बघा.

डॉ_आजी
आणि बोटीचा प्रवास वीसेक तासांचा आहे. पेनं गाडीत ठेवू नका, सोबत केबिनमध्ये घ्या. गाड्यांच्या डेकवर मधे जाऊ देत नाहीत.