लॉस बजेट जमलं म्हणजे लिंक जमली?

गंगापूररोडकर: ऑप्टिकल फायबरच्या लॉस बजेटवर, म्हणजे वाटेत प्रकाश किती घटेल आणि किती घटलेला चालेल या हिशेबावर, काल इथे एकाने टाकलं, "लॉस बजेट जमलं की लांब पल्ल्याची लिंक जमली, कमी पडलं तर मध्ये अ‍ॅम्प्लिफायर टाका." वाचून डोकंच फिरलं. नाशिक-नागपूर धरा, ८० किमीचे ८ स्पॅन (दोन अ‍ॅम्प्लिफायरमधले टप्पे). किमीला ०.२ डीबीने स्पॅनमागे १६ डीबी जातात, ते ईडीएफए (प्रकाश वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर) भरून काढतो, मान्य. पण तो दर वेळी स्वतःचा नॉइजही घालतो ना! एका स्पॅनच्या तुलनेत ८ स्पॅननंतर ओएसएनआर (सिग्नल नॉइजच्या किती वर आहे ते) ९ डीबीने खाली. मग लाँच पॉवर (फायबरमध्ये सोडायचा प्रकाश) वाढवायला जावं तर फायबर नॉनलिनियर वागायला लागतं आणि वेगवेगळ्या तरंगलांबीचे चॅनल एकमेकांत घुसतात. शिवाय १५५० नॅनोमीटरला किमीमागे १७ पीएस/एनएमचं डिस्पर्शन (पल्स पसरत जाणं), ६४० किमीला जवळपास ११ हजार. ते कोण निस्तरणार?

सिडकोवाला: पोस्ट माझीच होती. डिस्पर्शनची भीती जुनी झाली साहेब. कोहेरंट रिसीव्हरचा डीएसपी (सिग्नल गणिताने दुरुस्त करणारी चिप) ११ हजार आरामात खातो, नवीन लिंकला डीसीएफची (डिस्पर्शन उलटवणाऱ्या फायबरची) रिळं लावतंय कोण? पुस्तक बदला.

गंगापूररोडकर: डिस्पर्शनचं घ्या, दिलं. नॉइज काढून दाखवा डीएसपीने!

आडगाव_स्प्लायसर: तुमचं दोघांचं ८० किमीचं फायबर सलग असतं, माझं कधीच नसतं. मागच्या पावसाळ्यात रात्री ३ वाजता ताडपत्रीखाली जॉइंट मारला, जेसीबीने केबल नुसती तोडली नव्हती, ओढली होती, म्हणून दोन्हीकडे दूरपर्यंत खराब. मध्ये तुकडा टाकावा लागतो, म्हणजे एका कटला दोन जॉइंट. जॉइंटचं मशीन ०.०२ डीबी लॉस दाखवतं, ऑफिसातून फोन येतो "झालं ना?" अरे, तो मशीनचा अंदाज असतो! ओटीडीआर (फायबरमध्ये प्रकाश सोडून परत येणाऱ्यावरून लॉस मोजणारं यंत्र) एकाच बाजूने मारला तर कधी जॉइंटवर लॉसऐवजी चक्क गेन दिसतो, दोन्ही बाजूंनी मारून सरासरी काढावी लागते, आणि तेवढा वेळ कोणी देत नाही.

देवळालीकर: सिंहस्थाच्या कामांनी अख्खं शहर उकरलंय. आमच्या गल्लीत एकच रस्ता तीनदा खोदला, नेट चार दिवस बंद, मुलीची ऑनलाइन परीक्षा शेजारच्यांच्या मोबाईलवर दिली. खोदणाऱ्याला केबलचा नकाशा कोणी देतच नाही का?

गंगापूररोडकर: रस्ते खोदाईचा धागा वेगळा काढा, इथे डिझाइनचं चाललंय.

आडगाव_स्प्लायसर: वेगळा कशाला? १० कट म्हणजे २० जॉइंट, ०.१ ने धरले तरी २ डीबी. तुमचा ओएसएनआर तिथेच मरतो. पावसात आम्ही बसतो आणि वर आमचंच विषयांतर?

सिडकोवाला: स्प्लायसरचं बरोबर आहे. आणि गंगापूररोडकर, नॉइजबद्दल तुमचंही, ते मी पोस्टीत लिहायला हवं होतं. पण सूर जरा खाली ठेवला असता तर बरं झालं असतं.

आडगाव_स्प्लायसर: गंगापूररोडकर, एवढंच सांगा, तुमच्या शीटमध्ये स्पॅनला जॉइंट किती धरलेत?

गंगापूररोडकर: २ किमी केबलच्या ड्रमने ४०. कट धरले नव्हते. आज धरतो.