'पावसाने सरासरी गाठली' म्हणजे नेमकं काय झालं?

माणदेशी:
सप्टेंबर संपत आला की ठरलेला मथळा येतो: 'पावसाने सरासरी गाठली'. गाठली म्हणजे काय? ती काय वसुलीची रक्कम आहे, भरली की खातं बंद?

आमच्या सातारा जिल्ह्याचंच बघा. महाबळेश्वरला हंगामात पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. माण तालुक्यात पाचशेच्या आसपास पडला तरी लोक खूश असतात. दोन्ही मिळून जिल्ह्याचा आकडा एकच. तिकडे घाटमाथ्यावर धो धो कोसळला की कागदावर आमचंही भागतं.

२०२३चा मान्सून आठवतोय? देशाचा हंगाम सरासरीच्या ९४ टक्के. ऐकायला फार वाईट नाही. पण जुलै ११३ टक्के, सप्टेंबर ११३ टक्के आणि मधला ऑगस्ट १९०१पासूनचा सर्वांत कोरडा, ३६ टक्के तूट. सोयाबीनच्या शेंगा भरायच्या त्याच वेळी. सप्टेंबरच्या पावसाने आकडा सावरला, वाळलेलं पीक नाही. सरासरी नोंदवहीत असू द्या. कोणाचं नुकसान झालं आणि कोणाचं नाही, हे ठरवायला ती वापरू नका, एवढंच म्हणणं.

आकडेमोड:
माणदेशी, तुमचा राग चुकीच्या माणसावर आहे. ऑगस्टची ३६ टक्के तूट तुम्ही कशाच्या जिवावर सांगितली? सरासरीच्याच ना! ती काढून टाकली तर तुमच्याकडे उरतं 'यंदा पाऊस कमी वाटला', आणि तहसीलदार म्हणेल 'मला नाही वाटला'. त्याच वर्षी राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तो तालुक्याचा पाऊस आणि पिकांची स्थिती नेहमीच्या तुलनेत किती घसरली हे बघूनच. माण आणि महाबळेश्वर एका जिल्ह्यात घातले ते हवामान खात्याने नाही. दोष हद्दीचा आहे, सरासरीचा नाही.

पागोळी:
२६ जुलै २००५. सांताक्रूझ ९४४ मिमी, कुलाबा ७३ मिमी. सरासरी ५०८. तेवढा पाऊस या दोन्हींपैकी एकाही ठिकाणी पडला नाही. बाकी चालू द्या.

आकडेमोड:
पागोळी, खात्याने ते दोन आकडे वेगवेगळेच दिले होते, म्हणून तर तुम्हाला आज पाठ आहेत.

बांधावरून:
आकडेमोड साहेब, हद्दीचं मान्य. पण पट्टीचं काय? जिल्ह्याचा पाऊस उणे १९ पासून अधिक १९ टक्क्यांपर्यंत कुठेही असला तरी हवामान खात्याच्या भाषेत तो 'सामान्य'. हलक्या जमिनीत उणे १८ आणि अधिक १८ यांत पीक येणं न येणं इतका फरक असतो.

दुसरं, खुद्द पट्टीच आखूड होत गेली आहे. देशाच्या मान्सूनची दीर्घकालीन सरासरी आधी ८९ सेंमी होती, मग ८८ झाली, आता १९७१ ते २०२० या काळावरून ८७ धरतात. समजा एखाद्या वर्षी ८४ सेंमी पाऊस झाला. ८९ च्या पट्टीने तो ९४ टक्के, म्हणजे 'सरासरीपेक्षा कमी'. ८७ च्या पट्टीने साडेशहाण्णव, म्हणजे 'सामान्य', कारण ९६ पासून पुढे सामान्य. पाऊस तोच, नुसता शेरा बदलला.

आकडेमोड:
मग काय आजोबांच्या काळातल्या पावसाशी तुलना करत बसायचं? सरासरी ठरावीक वर्षांनी नव्याने काढतात, ही जगभरची रीत आहे. लपवाछपवी नाही, कोणत्या वर्षांची ते उघड सांगतात. बातमी देणारे ते वाक्य गाळतात, त्याला खातं काय करणार?

अडत दुकान:
पावसाचं तुम्ही बघा, मी मालाचं सांगतो. हमीभाव खरेदीला सोयाबीन 'एफएक्यू' लागतं, म्हणजे चांगल्यापैकी सरासरी दर्जाचं. त्यात ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. दिवाळीच्या तोंडावर, परतीच्या पावसात भिजलेला माल आमच्याकडे येतो तो बहुतेक त्याच्या वरच. म्हणजे बाजारातला सरसकट माल 'सरासरी दर्जा'त बसत नाही! २०२४ला हमीभाव ४८९२ होता आणि खुल्या बाजारात त्याच्या बराच खाली सौदे होत होते. ओरड झाल्यावर त्या हंगामापुरती मर्यादा १५ टक्के केली. तोवर गरजवंतांनी माल विकूनही टाकला होता. याला सरासरी म्हणू नका, अट म्हणा.

आकडेमोड:
अडत दुकान, इथे मात्र तुमच्याशी भांडण नाही. ओला माल गोदामात बुरशी धरतो, म्हणून अट हवी. पण तिला सरासरी म्हणायचं काही कारण नाही.

खरीप हिशेब:
पीकविमा राहिलाच की. उंबरठा उत्पादन, म्हणजे ज्याच्या खाली गेलं तरच भरपाई मिळते ती पातळी, काढताना सात वर्षांतली चांगली पाच वर्षं धरतात, त्यांची सरासरी काढतात आणि ती जोखीमस्तराने (विमा किती भाग झाकतो तो टक्का), आपल्याकडे ७० टक्क्यांनी, गुणतात. सरासरी हेक्टरी १० क्विंटल असेल तर उंबरठा ७. महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, साडेसात क्विंटल निघालं तर चौथा हिस्सा बुडाला आणि कापणी प्रयोगावर, म्हणजे नमुन्याच्या शेतांतलं पीक कापून केलेल्या मोजणीवर, भरपाई शून्य. शिवाय मंडळात माझं शेत तीन क्विंटलवर आलं तरी मोजणार मंडळाचे साडेसातच.

आकडेमोड:
चांगली पाच वर्षं धरली हे शेतकऱ्याच्याच बाजूचं झालं. आणि एकेका शेताची कापणी मोजायला माणसं कुठून आणणार?

माणदेशी:
माणसांचा प्रश्न खरा आहे. म्हणून साधी गोष्ट मागतो: हंगामाच्या टक्क्यांशेजारी मंडळवार पावसाचे दिवस आणि सर्वांत मोठा खंड छापा. अडीच मिलिमीटर पडला की पावसाचा दिवस, ही मोजणी खात्याकडे असतेच. २०२३ला २१ दिवसांच्या खंडावरून विम्याची आगाऊ रक्कम मागितली गेली, तेव्हा हंगामाची टक्केवारी कोणी विचारली नव्हती.

आकडेमोड:
छापा की, माझी हरकत नाही. पण खंड तरी कसा ठरवणार? दुष्काळ संहितेत तो त्या आठवड्याच्या नेहमीच्या पावसाशी ताडूनच बघतात. फिरून सरासरीपाशीच आलात.

माणदेशी:
आलो. पण आठवड्याच्या आणि मंडळाच्या सरासरीपाशी आलो, जिल्ह्याच्या चार महिन्यांच्या नव्हे. तुम्ही तीच गोष्ट मानत नव्हता.

पागोळी:
मानत होते. दोष हद्दीचा, असं वरच लिहिलंय त्यांनी. तुम्ही दोघे मघापासून एकच बोलताय, फक्त एक जण चिडून.