मदत हवी आहे: एम्बिराचा दुसरा भाग हाताला बसत नाही

नमस्कार मंडळी. स्टेला चिवेशे (१९४६-२०२३) यांचं वादन ऐकलं आणि तेव्हापासून एम्बिरा डोक्यातून जात नाही. झिम्बाब्वेच्या शोना लोकांचं हे वाद्य, पूर्वजांना आवाहन करणाऱ्या विधींत वाजणारं. बायकांना सहसा शिकवत नसत, तरी त्या शिकल्या आणि पुढे जर्मनीत राहून ते जगभर घेऊन गेल्या. केवढी जिद्द!

चार महिन्यांपूर्वी मीही एक मागवलं. लाकडी फळीवर २४ लोखंडी पट्ट्या, वाजवायला दोन अंगठे आणि उजवी तर्जनी. कुशाउरा, म्हणजे मुख्य भाग, जमतोय. अडतंय ते कुत्सिन्हिरापाशी, म्हणजे त्यात गुंफायच्या दुसऱ्या भागापाशी. ध्वनिमुद्रणासोबत वाजवताना दोन-तीन आवर्तनांत मी पुन्हा पहिल्याच भागावर घसरते. तबला शिकलेय, त्यामुळे सारखी सम शोधत राहते, आणि इथे ती हाती लागत नाही.

होशोच्या, म्हणजे भोपळ्याच्या खुळखुळ्याच्या, ठेक्यावर आधी सराव करावा का? की दुसरा भाग एकटाच महिनाभर घोटावा? ऑनलाइन शिकवणारे झिम्बाब्वेचे कुणी गुरू माहीत असतील तर कृपया सांगा. जर्मनीतल्या मराठी मंडळींपैकी कुणी शिकलंय का?